दाराआडून उत्तर देणारं

मला भुतं तयार करायचा नाद आहे. पगारी काम वेगळं आहे. ते गुरुग्राममधल्या एका काचेच्या इमारतीत चालतं आणि त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पण रविवारी दुपारी आमच्या मयूर विहारच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल मोकळं होतं, त्यावर चौकटींचा मोठा कागद पसरतो, फासे निघतात, आणि मग संध्याकाळपर्यंत मी एक गोष्ट सांगते आणि समोरची तीन माणसं त्या गोष्टीत राहतात. कोणी योद्धा असतं, कोणी मांत्रिक, कोणी चोर. काय करायचं ते त्यांनी ठरवायचं, जमलं की फसलं ते फाशांनी, आणि वाटेत काय भेटणार ते मी. आईला हा खेळ पहिल्यांदा समजावून सांगितला तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे भातुकलीच की. फक्त भांडी नाहीत." मी वाद घातला नाही, कारण ते खरंच आहे.

समोरची तीन माणसं अशी. ऑफिसातला एक पंजाबी सहकारी, खेळातला आमचा योद्धा, जो कुठल्याही अंधाऱ्या खोलीत शिरला की आधी तलवार काढतो आणि मग दिवा लावतो. त्याची बायको, जी त्याच्यापेक्षा दुप्पट हुशार आहे आणि हे त्यालाही मान्य आहे. आणि आमच्याच सोसायटीत खालच्या मजल्यावर राहणारी मल्याळी शिक्षिका. ती खेळात मोठी मांत्रिक आहे आणि प्रत्यक्षात पालीलाही घाबरते. टेबलावरचा सगळा व्यवहार हिंदीत, आईशी मराठी. आई मधूनमधून साबुदाणा वडे घेऊन येते. आमचा योद्धा माझ्या राक्षसांसाठी येतो की त्या वड्यांसाठी, याबद्दल मला दाट संशय आहे.

सुरुवातीचे माझे राक्षस एकजात फुसके होते. शिंगं, सुळे, आठ हात, तोंडातून आग. एवढं सगळं एका देहावर चढवण्यात माझ्या कित्येक संध्याकाळी जायच्या, आणि त्याचा निकाल लागायला समोरच्यांना एका चहाचा वेळ पुरायचा. "हाथ कितने हैं? आठ? ठीक है, एक-एक करके काटते हैं," असं म्हणून आमचा योद्धा बाह्या सरसावायचा. माझा नुसता जळफळाट व्हायचा. समोर उभा आहे तो राक्षस आहे हे एकदा कळलं की माणूस उलट निवांत होतो, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. शत्रूचं काय करायचं ते सगळ्यांनाच माहीत असतं.

मला अक्कल आली ती ऑफिसच्या लिफ्टमध्ये. सकाळची वेळ, लिफ्ट खच्चून भरलेली, जो तो आपापल्या फोनमध्ये. मधल्याच एका मजल्यावर ती थांबली. दार उघडलं, बाहेर कोणी नव्हतं. तरीही आम्ही सगळे थोडे मागे सरकलो, कोणीतरी आत येत असल्यासारखे. दार मिटलं, लिफ्ट वर निघाली, आणि पुढे मोकळी झालेली ती एका माणसाएवढी जागा तशीच राहिली. कोणी पुन्हा पुढे झालं नाही. त्या दिवशी ऑफिसात मी एका ओळीचंही काम धड केलं नाही.

पुढच्या रविवारी मी तिघांना एका भुयारात नेलं आणि म्हटलं, "दार उघडतं. बाहेर कोणी नाही. तुम्ही तिघं जरा भिंतीकडे सरकता." योद्धा म्हणाला, "मैं क्यों सरकूँ?" मी खेळ पुढे नेला. पुढच्या खोलीत पुन्हा तेच, जरा सरकता. त्याच्या पुढच्या खोलीत मी काही म्हणायच्या आतच शिक्षिकेने आपली खरीखुरी खुर्ची बाजूला ओढली. सगळे तिच्याकडे बघायला लागले. त्या दिवशी राक्षस दिसला नाही, लढाई झाली नाही, फासे जवळजवळ पडलेच नाहीत, आणि जाताना तिघंही लिफ्ट सोडून जिन्याने खाली गेले. मला आभाळ ठेंगणं झालं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरून गेली. रोजची, घरातली, सवयीची गोष्ट घ्यायची आणि तिची एकच बाजू उलटी करायची. बाकी सगळं जिथल्या तिथे ठेवायचं. जास्त उलटापालट केली की त्याची गंमत होते आणि भीती निघून जाते.

या कामात आई माझी सल्लागार होती. मी दिल्लीत वाढलेली, त्यामुळे माझ्या मराठीतून बरेच शब्द गळालेत, आणि त्यात भुतांची तर अख्खी जमात गेली. खवीस कोण, हडळ कोण, आसरा पाण्याजवळच का असतात, हे तिला सगळं पाठ. चकवा मला तिनेच सांगितला. तो दिसत नाही, मारत नाही, नुसती वाट चुकवतो, आणि माणूस फिरून फिरून त्याच झाडाखाली येतो. मी म्हटलं, "अगं, हा तर गुरुग्रामचा यू-टर्न." ती खळखळून हसली. खरं सांगायचं तर त्या हसण्यासाठीच मी तिला भुतं विचारायचे. बाबा गेल्यापासून ती हसायचीच बंद झाली होती.

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते. माझं सगळं लहानपण आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. बाथरूम एक, आणि सकाळी तिघांचीही एकच घाई. बाबांची ऑफिसला जायची चार्टर्ड बस, माझी शाळेची बस, आईचं स्वयंपाकघर आणि आमचे डबे. त्यात बाबा अंघोळ करताना स्तोत्र म्हणायचे, मनातल्या मनात. मध्येच बोललं तर खंड पडतो आणि मग पहिल्यापासून म्हणावं लागतं, असा त्यांचा नियम होता. आईचं मत होतं की हा नियम देवाने केलेला नाही, यांनीच केलाय, आत जास्त वेळ बसता यावं म्हणून. तर बाहेरून कोणी दार वाजवलं की ते बोलायचे नाहीत. हातातला पितळी तांब्या नळावर आपटायचे. एकदा आपटला तर अजून वेळ आहे. दोनदा आपटला तर निघालोच. घरी आलेले पाहुणे दचकायचे. मला मात्र बरीच वर्षं वाटत होतं की सगळ्यांच्याच घरी असंच असतं.

त्याच बाथरूममध्ये बाबा गेले. सकाळची वेळ होती आणि आतून कडी होती. मी तेव्हा नोकरीसाठी गुरुग्रामलाच राहत होते. आईने हाका मारल्या, मग शेजारी धावून आले, त्यांनी दार तोडलं. मी टॅक्सीने थेट हॉस्पिटलमध्ये पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. हृदय बंद पडलं, असं सांगितलं. पुढे ते तुटलेलं दार सरकारी सुताराने येऊन बसवून दिलं, एखाद्या गळक्या नळाची तक्रार असावी तसं. क्वार्टर सरकारचं, ते सोडायचंच होतं. मी मयूर विहारला घर घेतलं आणि आईला घेऊन आले.

नव्या घरात सामान लागायच्या आधी आईने सुतार बोलावला आणि बाथरूमची कडी काढून टाकली. आतून बंदच होऊ नये. पाहुण्यांची पंचाईत व्हायची. मग आम्ही एक पद्धत पाडली, आत कोणी असलं की बाहेरच्या मुठीला टॉवेल अडकवायचा. कडी काढण्याचं कारण मला उघडच वाटलं आणि मी कधी विचारलं नाही.

पण आई दिवसेंदिवस खंगत चालली. जेवणावरून तिचं मन उडालं होतं, झोप तर नव्हतीच. मी अंघोळीला गेले की ती दाराशी येऊन उभी राहायची. हाक मारायची नाही, दार वाजवायची नाही, नुसती उभी. दाराखालच्या फटीतून मला तिची पावलं दिसायची. मी बाहेर आले की ती उगाच तो टॉवेल सारखा करत असायची. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, "या वयात होतं असं" हेही ऐकून झालं. मला मनातून धास्ती बसली होती की हीसुद्धा अशीच माझ्या डोळ्यांसमोर उभ्या उभ्या विरून जाणार. आमचा खेळ मी मुद्दाम घरी ठेवला तो त्यासाठीच. घरात माणसं यावीत, आरडाओरडा व्हावा, कढईत तेल पडावं.

त्या हिवाळ्यात हवा नेहमीसारखीच वाईट झाली. खिडक्या बंद, एअर प्युरिफायर कोपऱ्यात घुरघुरत बसलेला, बाहेर भर दुपारी उजेडाचा रंग मळकट. भुयाराच्या शेवटी ठेवायला मला काहीतरी हवं होतं. मी एक बंद दार घेतलं. बंद दाराआडून काय काय येतं याचा विचार केला. किंचाळी, गुरगुर, नखांचा आवाज, सगळं वापरून वापरून झिजलेलं. मग माझ्या मनात आलं, दाराआडून धीर आला तर?

आणि मला बाबांचा तांब्या आठवला. इतक्या वर्षांनी तो आवाज आपल्या खेळात यावा याचं मला बरंच वाटलं, थोडं भरूनही आलं. मग मी ते जनावर रचलं. त्याला शरीर दिलं नाही, दात दिले नाहीत, नाव दिलं नाही. एकच सवय दिली. बाहेरून कोणी दार वाजवलं की आतून उत्तर द्यायचं. वाजवणाऱ्याला वाटतं, चला, माणूस ठीक आहे, येईलच बाहेर, आणि तो निर्धास्त होऊन वळतो. आत खरोखरच कोणीतरी मरत असतं आणि हे त्याच्या वतीने "सगळं ठीक" सांगत असतं. बाहेरची माणसं जेवढा वेळ निर्धास्त, तेवढं याचं पोट भरतं. त्याला हरवायचा उपाय एकच, उत्तर आलं तरी दार तोडायचं. आणि उत्तर आल्यावर दार कोण तोडतं? मी स्वतःवर इतकी खूश झाले की दोन दिवस आधीच ते कोणालातरी सांगून टाकायचा मोह होत होता. आईलाही सांगितलं नाही. म्हटलं, रविवारी तिलाही कळेल.

रविवारी तिघं आले, मास्क काढले, हवेला शिव्या देऊन झाल्या, खेळ सुरू झाला. आई स्वयंपाकघरात साबुदाणा मळत होती. गोष्टीत या तिघांचा वाटाड्या हरवला होता, आणि त्याच्याशिवाय भुयारातून बाहेर पडणं शक्य नव्हतं. शोधत शोधत ते शेवटच्या दाराशी आले. दाराबाहेर वाटाड्याच्या चपला नीट ठेवलेल्या. चपला नीट ठेवलेल्या पाहून आमचा योद्धासुद्धा तलवार काढणार नाही, हे मी आधीच ताडलं होतं. घरातल्यासारख्या चपला दिसल्या की माणूस घरातल्यासारखाच वागतो. "मैं दरवाज़ा खटखटाता हूँ," तो म्हणाला.

मी टेबलाखाली एक स्टीलचा पेला आणि चमचा घेऊन बसले होते. एकदा वाजवला.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "सुना?" शिक्षिका कुजबुजली. योद्ध्याच्या बायकोने विचारलं, आत कोण आहे. उत्तर नाही. योद्ध्याने पुन्हा दार वाजवलं. या वेळी मी दोनदा वाजवला, बाबांचीच लय, दुसरा ठोका पहिल्यापेक्षा जरा हलका.

"थैंक गॉड, ज़िंदा है," शिक्षिका म्हणाली.

"निकल रहा होगा," योद्धा म्हणाला. "चलो, तब तक आगे का रास्ता देख आते हैं."

फसले! मी मनातल्या मनात टाळी वाजवली. तेवढ्यात मागून आवाज आला.

"दरवाज़ा तोड़ो."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दोन्ही हात मनगटापर्यंत साबुदाण्याने भरलेले. ती आमच्या खेळात कधीच बोलत नसे. सगळे हसले. "आंटी भी खेलेंगी! आइए आंटी, बैठिए," असं म्हणत योद्ध्याने खुर्चीसुद्धा ओढली.

"हसू नका," आई आधी मराठीतच म्हणाली आणि मग हिंदीत, "हँसो मत. दरवाज़ा तोड़ो पहले."

तिचा चेहरा पाहून हसू थांबलं. ती टेबलाशी आली आणि न बसता तिने वीस बाजूंचा फासा उचलला. दार तोडायचं तर मोठा आकडा हवा, हे इतके रविवार बघून तिला माहीत होतं. तिने फासा टाकला. अगदी लहान आकडा पडला. "नहीं टूटा, आंटी," योद्ध्याची बायको हळूच म्हणाली. आईने फासा पुन्हा उचलला. असं चालत नाही, पण तिला कोणी अडवलं नाही. पुन्हा लहान. फाशाला साबुदाणा चिकटला होता, तो कागदावर धड घरंगळतही नव्हता. तिने तो तिसऱ्यांदा उचलला.

"तुटलं," मी म्हटलं. "आई, दार तुटलं."

"आत कोण आहे?" तिने मला विचारलं.

मी काय रचलंय हे मला माहीत होतं, पण ती ज्या दाराबद्दल विचारत होती ते माझ्या कागदावरचं नव्हतं, एवढं मला तिच्या डोळ्यांकडे बघून कळलं. मी म्हटलं ना, योद्ध्याची बायको हुशार आहे. ती उठली. "हम लोग ज़रा नीचे टहल के आते हैं," म्हणाली. त्या हवेत दिल्लीत कोणी फिरायला जात नाही. पण तिघांनी मुकाट्याने मास्क चढवले आणि गेले.

आई त्या ओढलेल्या खुर्चीवर बसली. हात तसेच भरलेले, मांडीवर उताणे ठेवलेले.

"त्या दिवशी ह्यांनी तांब्या वाजवला होता," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही.

"उशीर होत होता म्हणून मी दार वाजवलं. आतून दोनदा आवाज आला. तू वाजवलास तसाच. मी म्हटलं, निघाले. मी जाऊन चहा टाकला. चहा झाला, गाळला, झाकून ठेवला. कणीक मळलेली होती, म्हटलं तोवर पोळ्या करू. मग हाक मारली तर काही नाही. म्हटलं स्तोत्र चालू असेल, बोलणार नाहीत. परत पोळ्या लाटत बसले. मग जाऊन दार वाजवलं, तर आवाज नाही. मग मी ओरडले." ती थांबली. "मी कोणाला सांगितलं नाही गं हे. काय सांगू? तांब्या वाजला तेव्हा जिवंत होते, तर मग मी पोळ्या लाटत बसले आणि हे आत गेले. आणि आधीच गेलेले होते, तर मग..."

तिने मान वळवून आमच्या बाथरूमच्या दाराकडे पाहिलं.

"तर मग आत कोण होतं?"

ती एवढी वर्षं अंघोळीच्या वेळी दाराबाहेर का उभी राहते, आणि दार का वाजवत नाही, हे मला तेव्हा कळलं. वाजवलं आणि उत्तर आलं, तर?

"तू बोलली होतीस ना हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांशी," आई म्हणाली. "मला कोणी नीट सांगितलंच नाही. कधी गेले होते ते?"

डॉक्टर माझ्याशी बोलले होते. तरुण होता, दमलेला होता, कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभा होता. "जब लाए, तब अभी-अभी गए थे," तो म्हणाला होता. "थोड़ा पहले ले आते तो शायद बच जाते." मी ते आईला सांगितलं नव्हतं. आता त्याचा काय उपयोग, असा साधा विचार केला होता. तांब्याचं मला तेव्हा माहीत नव्हतं. तिच्याकडे अर्धं होतं, माझ्याकडे अर्धं होतं, आणि आम्ही एकाच घरात राहून ते अर्धं अर्धं सांभाळत बसलो होतो. त्या दुपारी दोन्ही माझ्याच पदरात पडलं, आणि ते जुळलं तसे मला बाबा दिसले. फरशीवर बसलेले, बोलता न येणारे, हाताशी तांब्या. बाहेरून कोणीतरी दार वाजवलं, आणि त्यांच्या हाताला जे करता येत होतं ते त्याने केलं. त्यांना काय म्हणायचं होतं कोण जाणे. लवकर ये, म्हणायचं असेल. किंवा नुसती हाताची सवय.

आई माझ्याकडे बघत होती. मी भुतं रचते, माझ्या हातात एवढं एकच असतं, दाराआड काय होतं ते मी सांगते आणि समोरची माणसं ते खरं धरतात.

"आधीच गेले होते," मी म्हटलं. "डॉक्टर म्हणाले, बऱ्याच आधी. तू दार वाजवलंस त्याच्या कितीतरी आधी."

"नक्की?"

"नक्की. मला स्वतः सांगितलं त्यांनी."

"मग तांब्या कोणी वाजवला?"

मी लगेच बोलले नाही. कुठे थांबलं की ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो, हे त्या टेबलानेच मला शिकवलंय. मग म्हटलं, "बाबांनीच. जाताना."

मला वाटलं, आता ती घाबरेल. भुताची गोष्ट ऐकून माणूस घाबरतो. पण तिचे खांदे हळूहळू खाली आले, इतकी वर्षं ते वर ओढलेले होते हे मला ते खाली आल्यावर दिसलं. "दोनदाच वाजला," ती म्हणाली. मी म्हटलं, हो. "म्हणजे निघालो," ती म्हणाली, आणि मग रडायला लागली. बाबा गेले तेव्हा ती रडली नव्हती. मी तिच्या मांडीशी बसून तिच्या हाताचा साबुदाणा ओल्या फडक्याने पुसत राहिले. जरा वेळाने ती स्वतःच उठली, तोंड धुतलं आणि म्हणाली, "पोरं उपाशी परत येतील," आणि कढईखाली गॅस पेटवला.

पोरं परत आली, वडे खाल्ले, आणि दाराआड काय होतं ते विचारलं. मी सांगितलं, खोली रिकामी होती. वाटाड्या दुसऱ्याच वाटेने निघून गेला होता. "बस? खाली कमरा?" योद्ध्याचा हिरमोड झाला. "यार, ये तुम्हारा सबसे फीका मॉन्स्टर था." त्याच्या बायकोने त्याला टेबलाखालून लाथ मारली. मी म्हटलं, हो, या वेळी नाही जमलं.

आई सुधारली. हे मी अगदी रोखठोक सांगते, कारण तेच महत्त्वाचं आहे. ती जेवायला लागली, झोपायला लागली, सोसायटीतल्या बायकांबरोबर भाजी आणायला जायला लागली. मी अंघोळीला गेले की आता दाराखाली पावलं दिसत नाहीत. तिने सुताराकडून कडीसुद्धा परत बसवून घेतली. मी ती लावत नाही.

मला पश्चात्ताप वगैरे नाही. पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच सांगेन. मला भीती वाटते, आणि ती वेगळी गोष्ट आहे. आईच्या दाराआड आता एक भूत आहे आणि त्या भुताशी तिचं छान जमलंय. माझ्या दाराआड भूत नाही. तिथे एक जिवंत माणूस आहे आणि तो अजून जिवंतच आहे. सकाळी मेट्रोत कोणाच्या बोटातली अंगठी खांबावर वाजली की मी वळून त्या माणसाकडे बघते, त्याला काही हवंय का म्हणून. लोक नजर चुकवतात. रविवारचा खेळ चालू आहे. मी पुन्हा शिंगांचे, सुळ्यांचे, आठ हातांचे राक्षस आणायला लागले आहे. योद्धा खूश आहे.

परवा साताऱ्याहून मावशीचा फोन आला. आई पोळ्या लाटता लाटता स्पीकरवर बोलत होती, मी बाजूला कोशिंबिरीची काकडी सुरीने बारीक चोचवत होते. मावशीच्या ओळखीत कोणाचा तरी नवरा अचानक गेला होता, आणि ती म्हणत होती, बिचारीला शेवटचा शब्दसुद्धा मिळाला नाही. आईच्या आवाजात एकदम एक तोरा आला. लग्नाच्या फोटोत आहे तसला.

"सगळ्यांचं नशीब नसतं बाई तसं," ती म्हणाली. "हे मला सांगून गेले. गेल्यावर सांगून गेले."

"काहीतरीच काय बोलतेस," मावशी म्हणाली.

"काहीतरीच कसं? डॉक्टरांनीच सांगितलंय हिला. थांब, हिलाच विचार." आणि आईने पिठाच्या हाताने फोन उचलून माझ्यापुढे धरला. "सांग गं मावशीला."

तिचा चेहरा नुसता फुलला होता. मी हातातली काकडी खाली ठेवली.

"खरं का गं?" मावशीने विचारलं.

"हो, मावशी," मी म्हटलं. "आईने दार वाजवलं, तेव्हा आत कोणी जिवंत नव्हतं."